खांब क्रमांक सात

नागपूरच्या महाल भागातल्या एका सागवानी घराचं संग्रहालय करायचं काम हाती घेतलं, त्याच्या या नोंदी. घर नेमकं कोणत्या गल्लीत ते लिहिलेलं नाही. त्या घरात राहणाऱ्या आजींची तशी अट आहे.

८ जानेवारी २०२४

मोजमापाला सुरुवात. बडकस चौकातून आत शिरलं की गल्ली इतकी अरुंद होते की दर्शनी बाजूचा टेप धरायला समोरच्यांच्या ओट्यावर उभं राहावं लागतं, आणि ओट्यावर उभं राहिलं की चहा घ्यावाच लागतो. दुपारपर्यंत चार चहा आणि तीन खोल्या झाल्या.

काळ्या दगडाचं अडीच फूट जोतं. त्यावर चौदा सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांची पाटणी. वर माडी आणि कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर. भिंती चुन्यातल्या विटांच्या आहेत, पण भार त्यांच्यावर नाही. खांबांमधली जागा भरण्यापुरत्याच त्या उभ्या आहेत. सगळ्या विटा काढून घेतल्या तरी घर उभं राहील, असं एका विश्वस्तांना सांगितलं, तर ते भिंतीपासून दोन पावलं लांब सरकले.

दर्शनी बाजू भोसल्यांच्या नागपूरची: दिंडी दरवाजा, ओसरी, नक्षीच्या तोड्यांवर पेललेला बावीस फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद सज्जा. मागची बाजू मात्र साहेबाची. लाकडी जाफरीचा व्हरांडा, दारांवर रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, सिव्हिल लाइन्समध्ये बंगले उठले, आणि तिथल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या महालातल्या माणसांनी संध्याकाळी घरी येताना डोळ्यांतून थोडा व्हरांडा आणला. पुढून वाडा आणि मागून बंगला, अशी ही दोन तोंडं एकाच छपराखाली नांदतात. मला घर आवडलं ते यामुळे.

खांबांना खडूने क्रमांक घातले. सातव्याच्या पायाला गुडघ्यापर्यंत सिमेंटचा मोजा चढवलेला आहे. त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

११ जानेवारी

पुढच्या उतारावरचे काही कवेलू उतरवले. हे इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगलोरी. पाठीवर बासेल मिशनच्या कारखान्याचं नाव आणि १८६५ हा आकडा. दहा मिनिटांत बातमी विश्वस्तांच्या ग्रुपवर गेली की घर १८६५ चं निघालं. एकाने दर्शनी पाटीचा मजकूरही लिहून टाकला.

तो आकडा कवेलू भाजल्याचा नाही. मंगळुरात मिशनचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, आणि पुढे कित्येक वर्षं तेच साल साच्यात राहिलं. शिवाय नागपूरला रेल्वे पोचली १८६७ मध्ये. हजारो कवेलू त्याआधी मंगळुराहून बैलगाडीने इथवर आणण्याइतका हौशी माणूस नागपुरात असेलही, पण आजींच्या ट्रंकेत मोडीतला मजुरीचा हिशेब आहे, आणि त्यावर शके १८१३ आहे. म्हणजे १८९१. पाटीवर तेच जाईल. ग्रुपवर दोन अंगठे आले, बाकी शांतता.

१९ जानेवारी

वाढईकाका, म्हणजे सुतारकाका आले. वय सत्तरीच्या पुढे, सोबत भाचा. काकांनी आधी घराला एक चक्कर मारली, कुणाशी बोलले नाहीत. मग पिशवीतून लहान हातोडी काढून एकेक खांब वाजवत गेले. ठण, ठण, ठण. सातव्यावर भद.

सिमेंटचा मोजा फोडला. आत खांबाचा आकार होता, खांब नव्हता. बाहेरून बोटभर जाडीची साल, आत उधईची, म्हणजे वाळवीची माती. मी वरच्या भागात सहा मिलिमीटरचं भोक पाडत गेले: जमिनीपासून सव्वादोन फुटांपर्यंत गिरमिट लोण्यात गेल्यासारखं जातं, त्याच्यावर एकदम अडतं, तपकिरी तेलकट भुसा येतो आणि जुन्या सागाचा चामड्यासारखा वास सुटतो.

"हे लाकूड मेलं नाई म्याडम. याले कोंडून मारलं हाये," काका म्हणाले.

बरोबरच आहे. सागाच्या गाभ्याला उधई सहसा तोंड लावत नाही, त्याच्यातलं तेल आणि रसायनं तिला मानवत नाहीत. पण लाकूड वर्षानुवर्षं ओलं राहिलं की आधी बुरशी त्याला सडवते, मग उधईला मेजवानी. मूळ खांब दगडी तळखड्यावर मोकळा उभा होता. भिजला तरी वाऱ्याने वाळायचा. नव्वदीच्या दशकात कुणा ठेकेदाराने "मजबुतीसाठी" त्याला सिमेंट लावलं. सिमेंट आणि लाकूड यांच्यात केसाएवढी फट राहतेच. पाणी तिच्यातून आत गेलं आणि परतीची वाट नव्हती. शंभर वर्षं पावसात उभा राहिलेला खांब तीस वर्षांच्या मजबुतीने गेला.

पण पाणी याच खांबाकडे का आलं? बाकीचे तेरा कोरडे आहेत. हे सुटलेलं नाही.

पाण्याची नळी लावून पातळी घेतली. पहिल्या खांबाच्या मानाने सातव्यावरची तुळई ३८ मिलिमीटर खाली बसली आहे.

२ फेब्रुवारी

विश्वस्तांची बैठक. संग्रहालयात काय ठेवायचं यावर अडीच तास. प्रस्ताव असे: पगडी घातलेले पुतळे, झोपाळा, पितळी भांडी, "१८९१ मधले दिवाणखान्याचे दृश्य", आणि सगळ्या लाकडाला चकचकीत मेलामाइन पॉलिश. विजेची जुनी चिनी मातीची बटणं आणि लाकडी पट्ट्यांवरची वायर काढून टाकायची, कारण ती "नंतरची" आहे.

मी म्हटलं, भांडी पाहायला लोक अजब बंगल्यात जातात. १८६३ पासून ते संग्रहालय उभं आहे, त्याच्याशी पितळेत स्पर्धा कशाला करायची? आपल्याकडे दाखवायला घरच आहे. तुळई खांबावर कशी बसते, कडी तुळईत कशी घुसते, लोखंडाचा खिळा न वापरता सज्जा भिंतीबाहेर कसा तरंगतो, हे दाखवू. एका खोलीची पाटणी चार फळ्यांपुरती उघडी ठेवू, लोक आत वाकून पाहतील.

कुणाला पटल्याचं दिसलं नाही. आजी कोपऱ्यात सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, "१८९१ मध्ये या घरात वीज नव्हती, नळ नव्हता, आणि मीही नव्हते. मग मलाही काढता का?"

बटणं राहतील. मेलामाइनवर निर्णय पुढच्या बैठकीत.

१० फेब्रुवारी

काकांना घेऊन सेवाग्रामला जाऊन आले. सकाळी निघालो, दुपारी परत. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. आदिनिवास, बापू कुटी, सगळं माती, बांबू, लाकूड आणि कवेलूचं. नव्वद वर्षांच्या आसपास वय झालेल्या मातीच्या भिंती अजून उभ्या आहेत, त्या माती अमर असते म्हणून नव्हे. त्या लिंपाव्या लागतात, कवेलू फेरावे लागतात, आणि ते पुन्हा पुन्हा करावं लागतं.

आपल्या अंदाजपत्रकात दुरुस्तीचा खर्च एकदाचा धरलाय, दरवर्षीच्या देखभालीचा रकाना नाही. घातला. विश्वस्तांना आवडणार नाही.

काकांनी कुटीत भिंतीकडे पाहिलंच नाही. छपराच्या बांबूच्या गाठी पाहत बसले होते.

२६ फेब्रुवारी

लाकडाचा शोध. सातव्या खांबाला नवा पाय हवा: तीस इंच पाय आणि वर चौदा इंच जोड, सात बाय सातचा तुकडा.

सोपा मार्ग बल्लारशाचा डेपो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला सध्या भलताच मान आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांचं लाकूड गेल्या वर्षी बल्लारशाहूनच गेलं. पण सात इंच जाडीचा ताजा ओंडका आतपर्यंत वाळायला वर्षं लागतात. ओला तुकडा बसवला तर मे महिन्यात नागपूरची हवा त्यातलं पाणी ओढून घेईल, तो आकसेल आणि जोड सैल पडेल.

म्हणून मोडाचं लाकूड. पाडलेल्या वाड्यांचा माल विकणाऱ्यांकडे तीन दिवस हिंडलो. तिथे गेलं की वाईट वाटतं आणि हव्यासही सुटतो. तोडे, कोरीव चौकटी, दाराच्या झडपा ढिगाने. हॉटेलवाले येऊन गाडीत भरून नेतात. एका तुळईचा तुकडा मिळाला. ओलाव्याचं मीटर ९ टक्के दाखवतं. काकांनी टोक तासून वास घेतला, जिभेचं टोक लावलं आणि मान हलवली. मीटर आणि जीभ यांचं एकमत झालं. लाकडात सतरा खिळे होते, करवतीला लागायच्या आधी चुंबक फिरवून शोधले. अठरावा करवतीनेच शोधला.

११ मार्च

उचल सुरू. सातव्याच्या दोन्ही बाजूंना जाड ओंडक्यांची घोडी, त्यावर दोन स्क्रू जॅक, वर तुळईखाली आडवा सागाचा ठोकळा. स्क्रूचा आटा सहा मिलिमीटरचा, म्हणजे पाव फेरा दिला की दीड मिलिमीटर. एक दिवसाआड पाव फेरा, त्याहून जास्त नाही. जुनं लाकूड वाकलेलं असतं ते सवयीने. घाईने सरळ करायला गेलं की कुठेतरी कट्कन आवाज येतो आणि मग आपण तो आवाज आयुष्यभर ऐकत राहतो.

माडीवरच्या भिंतींतल्या भेगांवर काचेच्या पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या. भेग हलली की काच तडकते.

१३ मार्च

दुसरा पाव फेरा. काचा शाबूत.

१७ मार्च

चौथा. घर बोलतं. रात्री आजींनी फोन केला, "माडीवर कुणी चालतंय का बघ." कुणी नव्हतं. कड्या आपापल्या खाचांत बसत होत्या.

२३ मार्च

सातवा. एकूण साडेदहा मिलिमीटर. काचा शाबूत. उद्यापासून होळी, तीन दिवस कुणी येणार नाही.

२७ मार्च

सज्जाचा दरवाजा अडकला.

मी आनंदात होते. साडेदहा आलं, अजून सत्तावीस-अठ्ठावीस मिळवले की तुळई सपाट, अहवालाला छान फोटो. आणि आजींच्या घरात रोज सकाळी उघडणारा दरवाजा आज उघडेना. वरची कड चौकटीत घट्ट.

काकांनी बिजागऱ्या सोडवून झडप खाली घेतली आणि आडवी ठेवली. वरची कड तिरपी होती, एका टोकाला जवळजवळ अर्धा इंच रंधलेली. कधीतरी घर खाली बसलं, दरवाजा घासायला लागला, कुणा वाढयाने कड तासून तो बसवून दिला. तासलेल्या कडेवर रंगाचे दोन थर होते. दर्शनी बाजूला सात. म्हणजे पाच थर बसल्यावर तासलं. वरचे दोन थर आजींना आठवतात, त्यातला खालचा त्यांच्या लग्नाच्या वर्षीचा, १९६१ चा. तर घर त्याच्याही आधी बसलेलं. सिमेंटचा मोजा नंतर आला, खचण्यावरचा इलाज म्हणून.

"घर बसलं तसा दरवाजाबी बसला," काका म्हणाले. "खिडक्या बसल्या. जिना बसला. आता तुमी घराले उभं करसान तं या साऱ्यायनं कुठं जावं?"

मी अर्धा तास जिन्यावर बसून होते. मग प्रत्येक दाराची, खिडकीची कड मोजली. नऊपैकी सहा कधी ना कधी त्याच बाजूला तासलेल्या निघाल्या. साठ वर्षं हे घर तिरक्यात राहायला शिकलं होतं आणि मी एका स्क्रूने ते विसरायला लावत होते.

पाव फेरा उलटा. नऊवर आणून थांबलो. दरवाजा उघडला. इथेच राहायचं.

अहवालात "पातळी पूर्ववत" असं लिहायचं होतं, ते खोडून "खचणे थांबविले" लिहिलं. विश्वस्तांपैकी जे अभियंता आहेत त्यांचा फोन आला: "मग एवढे जॅक कशाला लावले?" नवा पाय घालायला भार तरी उचलावा लागतोच ना, असं म्हटलं. ते समाधानी झाले नाहीत. मीही पूर्ण झाले नाही. सपाट तुळईचा फोटो मनात अजून आहे.

५ एप्रिल

काकांशी भांडण. खरं म्हणजे भांडण मी केलं, ते रंधा मारत होते.

मुद्दा जोडाचा. आमच्या शिक्षणात जुन्या वास्तूंच्या जतनाची १९६४ ची व्हेनिसची सनद पाठ करून घेतात: नवा भाग जुन्याशी मिळून-मिसळून असावा, पण ओळखू यावा, नाहीतर ती इतिहासाची फसवणूक. म्हणून मला नवा पाय वेगळा दिसायला हवा होता, जोडाची रेघ स्पष्ट. काकांना हे ऐकूनच अपमान वाटला.

"जोड दिसला तं वाढई कायचा?"

त्यांच्या वडिलांनी, आज्यांनी हयात जोड लपवण्यात घालवली. नख फिरवलं तर अडकू नये, इतका घट्ट. आणि मी त्यांना सांगत होते की रेघ दाखवा. माझा मुद्दा चुकीचा नव्हता. पण त्या सनदेवर सह्या करणाऱ्यांत असा रंधा मारणारं कुणी बसलं असतं, तर तिची भाषा जरा वेगळी झाली असती, असं मला वाटत राहिलं.

दुपारी भाच्याने डबा उघडता उघडता तोडगा काढला. जोड मामा करतील तसाच, नख न अडकणारा. पण नव्या तुकड्याला रंग चढवून जुन्यासारखा करायचा नाही, नुसतं तेल. जुना खांब काळपट, नवा पाय मधासारखा. रेघ शोधावी लागणार नाही, आणि जोड कुणाला दिसणारही नाही.

१६ एप्रिल

१४ ला जयंतीची सुट्टी होती. काल तयारी, आज पाय बसवला.

सडका भाग कापला तेव्हा वरच्या शाबूत भागावर, तुळईच्या सांध्याखाली, पटाशीचे घाव दिसले. पाच उभे आणि दोन आडवे. सहाव्या खांबावर पाहिलं: पाच उभे, एक आडवा. आठव्यावर पाच उभे, तीन आडवे. १८९१ च्या वाढयांनी खांब जमिनीवर तासून, सांधे जुळवून, खुणा करून मग उभे केले होते. माझे खडूचे क्रमांक आणि त्यांचे पटाशीचे क्रमांक तंतोतंत एक निघाले. दोघांनीही दिंडी दरवाजापासूनच मोजायला सुरुवात केली होती.

जोड: दोन तिरपे उतार, मधे पायरी, पायरीत दोन बाजूंनी सागाच्या पाचरी, आरपार दोन बाभळीच्या खुंट्या. लोखंड नाही. तळखड्यातल्या खाचेत पाणी साचू नये म्हणून दगडात बोटभर चर काढला, तो बाहेरच्या बाजूला उतरतो. नव्या पायाच्या आतल्या अंगावर, कुणाला सहसा दिसणार नाही अशा ठिकाणी, काकांनी पाच उभे आणि दोन आडवे घाव घातले. खाली २०२४.

पाचरी ठोकल्या, मग दोन्ही जॅक एकाच वेळी एकेक पाव फेरा उतरवत गेलो. तुळई दोन मिलिमीटर बसली आणि थांबली. आता पहिल्या खांबाच्या मानाने ३१ खाली.

काका हात पुसून म्हणाले, "झालं," आणि बिडी ओढायला बाहेर गेले. सोहळा म्हणून तेवढंच.

३० एप्रिल

१९ च्या मतदानामुळे चुन्याचं काम दोन दिवस मागे पडलं, त्यामुळे काल सगळं एकदम. जमिनीत उधईचा बंदोबस्त झाला. लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी: दीड भाग बोरॅक्स, एक भाग बोरिक, गरम पाण्यात विरघळवून ब्रशने तीन हात. माणसाला फारसं घातक नाही, उधईला पुरे. एकच अडचण, पावसाने धुऊन जातं. म्हणून आतल्या लाकडालाच. सज्जाच्या कठड्याला फक्त जवसाचं तेल.

भाच्याने आज मीटर लावलं तर खांबात १९ टक्के ओलावा. तो घाबरला. ओलावा नाही, क्षार. मीटर लाकडातून वीज किती वाहते ते मोजतं, आणि बोरॅक्स भरलेलं लाकूड ती जास्त वाहू देतं. काकांनी जीभ लावायला नकार दिला.

२३ मे

ही नोंद मी टाळत होते, पण लिहिते.

कठड्यावरचा ऑइल पेंट गेले तीन आठवडे काढतोय. जुन्या थरांत शिसं असतं, म्हणून घासकाम कोरडं नाही, गॅसची ज्योत नाही. लेप लावायचा, ओलं खरवडायचं, खरवड पिशवीत बांधायची. खाली सागाची नक्षी इतकी बारीक निघाली की दोन दिवस गल्लीतली मुलं खेळ सोडून इथेच येत होती. साफ केलेल्या भागाला जवसाचं तेल. विदर्भात जवस भरपूर, आणि १८९१ मध्येही तेच लावलं असणार. तोड्यांच्या मागे न रंगवलेल्या भागात त्याचा पिवळा थर अजून आहे.

तेल पुसलेली फडकी मी संध्याकाळी गोळा करून जिन्याखाली बादलीत ठेवली. मीच. दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा-साडेअकराला आजी म्हणाल्या, कसला तरी करपट वास येतोय. बादलीतून धूर येत होता.

जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं, आणि घेताना तापतं. पसरलेल्या फडक्यातली उष्णता उडून जाते. गोळा केलेल्या बोळ्यात ती अडकते आणि कापूस पेट घेतो. काडी लागत नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंय मी.

बादली अंगणात नेली, पाणी ओतलं, आत काळा कोळसा झाला होता. जिन्याच्या खालच्या फळीला हात लावला तर गरम.

महालात भोसल्यांचा राजवाडा होता. काळा दगड आणि भरपूर लाकडी कोरीव काम. १८६४ मध्ये तो जळाला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. रोज त्याच बाजूने इथे येते मी.

आजपासून: प्रत्येक फडकं पाण्यात भिजवून दोरीवर एकेक वाळत. संध्याकाळी मोजून. यादी दारावर लावली, सगळ्यात वर माझं नाव. विजेचं काम आधी हातात घेतलं. जुन्या लाकडी पट्ट्या आणि बटणं जागेवर राहतील, पण त्यांच्यातून वीज जाणार नाही, नवी वायर वेगळ्या नळीतून. अग्निशामक नळकांडी चार, त्यातलं एक जिन्याखाली.

विश्वस्तांना कळवलं. कुणी रागावलं नाही. त्याचंच वाईट वाटलं.

३१ मे

काल शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बोंब झाली. हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलाय. काकांनी पेपर वाचून मीटरकडे बोट दाखवलं: "याचाच भाऊ दिसते."

तरी उकाडा खराच. काम सकाळी सहा ते अकरा. सागाचा जोड तपासला: फट नाही. मोडाचं लाकूड घेतलं ते बरं झालं.

२६ जून

रात्रभर पाऊस. पहाटे पाचला छत्री घेऊन घरी पोचले; आजी आधीच ओसरीवर खुर्ची टाकून सातव्या खांबाकडे पाहत बसल्या होत्या.

आणि कोडं सुटलं. मागचं आणि पुढचं छप्पर जिथे मिळतं तिथली पन्हळ सातव्याच्या बरोब्बर वर येते. वाड्याचं छप्पर आणि बंगल्याचं छप्पर यांचा उतार वेगवेगळा. दोन्हींचं पाणी एका अरुंद पन्हळीत. साधा पाऊस ती झेलते. जोराचा आला की काठावरून सांडते, तोड्याच्या मागून खांबाच्या अंगाने उतरते आणि तळखड्यात जाते. सव्वाशे वर्षं दर पावसाळ्यात दोन-चार वेळा हेच. पहिल्या दिवशी ज्या दोन तोंडांवर मी भाळले, त्यांच्या मधल्या शिवणीतून घर गळत होतं.

मी जानेवारीत खांब पाहिला, फेब्रुवारीत लाकूड शोधलं, एप्रिलमध्ये जोड केला. पन्हळीकडे पाहायला जून उजाडला. आधी वर पाहायला हवं होतं.

पन्हळ दुप्पट रुंद केली, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची, आणि तिला एक जादा तोंड मागच्या अंगणाकडे. १८९१ च्या रचनेत हा बदल आहे; दुरुस्तीच्या वहीत तसा लिहिला.

१८ जुलै

कवेलूंखालून दोन ठिकाणी गळती, दोन्ही किरकोळ. पन्हळ ठीक. सातवा कोरडा. मेलामाइनचा विषय विश्वस्तांनी आपणहून सोडला. तेल लावलेला कठडा पाहून गेले होते.

१ सप्टेंबर

उद्या पोळा, परवा तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे रोगराई घालवायला निघणारी पुतळ्यांची मिरवणूक. आजींनी सकाळी सहज सांगावं तसं सांगितलं, "परवा सज्जात गल्लीतले येतील हं. दरवर्षी येतात. बसून दिसत नाही, म्हणून उभे राहतात."

किती येतात? "मावतील तेवढे."

काळी मारबत १८८१ पासून निघते, म्हणजे हा सज्जा बांधला तेव्हा मिरवणूक आधीच रस्त्यावर होती. तो बांधलाच असणार ती पाहायला. आणि आता मी संग्रहालयाच्या नावाखाली त्यावर "प्रवेश निषिद्ध" लिहू?

हिशेब केला. सज्जा सात चौरस मीटर. दाटीवाटीने उभे राहिले तर अठ्ठावीस माणसं, सतराशे किलोच्या आसपास, वर नाचले तर आणखी. तोडे मजबूत आहेत, पण मधल्या दोन तोड्यांचा भार सातव्यावर येतो आणि त्याचा पाय पाच महिन्यांचा आहे. बारा जण, असं ठरवलं. आजी म्हणाल्या, "बारा तर आमच्याच घरचे."

सोळा.

३ सप्टेंबर

सकाळपासून गल्लीत तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल ओढत दारोदार. काकांनी सातव्या खांबाच्या कापलेल्या भागातला वरचा, शाबूत असलेला हातभर तुकडा एप्रिलमध्ये मागून नेला होता. मी जळणाला असेल समजले. आज भाच्याचा मुलगा त्याचा बैल ओढत आला. शिंगं जरा वाकडी. "शिंगं पोरानं केली," काका म्हणाले.

दुपारी मारबत. "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या पुरुष पुतळ्यांवर, नेहमीप्रमाणे सरकारं आणि महागाई. मी मिरवणूक पाहिली नाही. सज्जाखाली ओसरीवर ओळंबा टांगून त्याच्या टोकाखाली कागद चिकटवला होता आणि गुडघ्यावर बसून टोकाकडे पाहत होते. वर सोळाच्या ऐवजी एकवीस जणांची पावलं मोजली. ढोल जवळ आला तेव्हा पाटणीतून सव्वाशे वर्षांची बारीक धूळ माझ्या केसांत पडली.

४ सप्टेंबर

पाण्याची नळी लावली. पहिल्या खांबाच्या मानाने सातवा ३१ खाली. काल सकाळी ३१ होता.

सज्जाचा दरवाजा उघडतो आणि लागतो. कठड्यावर कुणाचं तरी चिक्कीचं रॅपर चिकटलंय, तेल अजून पूर्ण वाळलेलं नाही. गरम पाण्याने काढायचं, खरवडायचं नाही.